‘पण’ने सुरू होणारे वाक्य

निबंध कसा लिहावा हे सांगताना मी मुलांना आजवर जे नियम शिकवीत आलो, त्यांत एक नियम असा आहे की वाक्याची सुरुवात ‘पण’ या शब्दाने करू नये. हा नियम मला माझ्या मास्तरांनी सांगितला. त्यांना त्यांच्या मास्तरांनी सांगितला असणार. तो कोणत्या व्याकरणात आहे, हे पाहण्याची तसदी आमच्यापैकी कोणी घेतली असेल असे वाटत नाही. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली निघाले, मोरो केशव दामल्यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा ग्रंथ १९११ साली. माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मास्तराचा या थोर ग्रंथांशी संबंध दुरूनच नमस्कार करण्याइतका. आमचे व्याकरण म्हणजे दौतीतली तांबडी शाई. दौत गेली, बॉलपेन आले. रंग तोच राहिला.

गेल्या उन्हाळ्यात शाळेच्या पुस्तकांच्या कपाटाची मोजदाद करण्याचे काम माझ्याकडे आले. एका निवृत्त गृहस्थांनी पूर्वी कधीतरी पेटीभर पुस्तके शाळेला दिली होती. ती मुलांच्या उपयोगाची नाहीत म्हणून कुलपात राहिली, आणि कुलपात राहिली म्हणूनच शाबूत राहिली. नोंदवही पुढ्यात घेऊन मी एकेक नाव ताडून पाहू लागलो. पुस्तक न उघडता नुसती नावे वाचीत जाण्याचा योग लेखकालाही क्वचितच येतो. चार नावे झाली, आठ झाली, आणि माझ्या ध्यानात आले की तांबडे पेन हातात असते तर यांतली निम्मी नावे मी दुरुस्त केली असती.

‘पण लक्षात कोण घेतो’. हरिभाऊ आपट्यांची ही कादंबरी ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली ती १८९० साली. म्हणजे मराठी कादंबरी जेमतेम उभी राहत होती, आणि तिच्या अगदी पहिल्या महत्त्वाच्या नावाने माझा नियम मोडला होता. ‘पण’ हे उभयान्वयी अव्यय; ते दोन वाक्ये जोडते. येथे जोडायला दुसरे वाक्य आहे, पहिले नाही. ते कोठे गेले? विचार केला तेव्हा उमगले की पहिले वाक्य म्हणजे ती सबंध कादंबरी. यमूने जे जे सोसले, पाहिले, सांगितले ते सगळे एका बाजूला, आणि त्यानंतर हा ‘पण’. नाव मुखपृष्ठावर छापलेले असले तरी व्याकरणाच्या हिशेबाने ते शेवटच्या पानानंतर येते. ‘लक्षात कोण घेतो’ एवढेच नाव ठेवले असते तर ती एक तक्रार झाली असती. ‘पण’मुळे ती, सांगून संपल्यावर थकलेल्या माणसाने टाकलेल्या उसाशासारखी झाली आहे.

आणखी एक बारकावा. ‘कोण’ या सर्वनामाचे लिंग ठाऊक नसेल तर मराठीत क्रियापद बहुधा पुल्लिंगी ठेवतात. तेव्हा ‘घेतो’ हे रूप नियमाला धरूनच आहे. तरीही बोलणारी विधवा मुलगी आहे हे एकदा कळले, म्हणजे हा ‘घेतो’ नुसत्या नियमाचा राहत नाही. लक्षात घेण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता ते सगळे ‘घेतो’वालेच होते. हरिभाऊंनी हे जाणून केले असे माझे म्हणणे नाही. भाषेत जे मुरलेले असते ते लेखकाच्या हातून आपोआप उतरते. टीकाकाराने ते पाहावे एवढेच.

त्याखालचे पुस्तक बाबूराव बागुलांचे होते: ‘जेव्हा मी जात चोरली होती’, १९६३. येथे तर मास्तराची पंचाईतच. ‘जेव्हा’ आले की ‘तेव्हा’ आले पाहिजे, हे आम्ही चौथीत शिकवतो. गौणवाक्य आहे, मुख्य वाक्याचा पत्ता नाही. कोणी मुलगा असे लिहून उठला तर मी ‘वाक्य पूर्ण कर’ असा शेरा मारीन. बागुलांनी ते पूर्ण केले नाही. त्यांनी ते वाचकाच्या अंगावर सोडून दिले. तेव्हा काय झाले? नोकरीसाठी परगावी गेलेला एक तरुण जात न सांगता एका घरात राहतो आणि ती उघडी पडल्यावर मार खातो, हे कथेत कळते. पण नाव वाचताना ‘तेव्हा’ची जी जागा मोकळी राहते ती कथा वाचून झाल्यावरही भरत नाही, असा माझा अनुभव आहे.

त्या नावातले क्रियापद मात्र मला सर्वांत मोठे वाटते. ‘लपवली होती’ असे लिहिले असते तर अर्थ कळला असता आणि तेथेच संपला असता. ‘चोरली’ म्हणताक्षणी पहिला अर्थ चोरीचा येतो: दुसऱ्याची वस्तू उचलली, गुन्हा केला. समाजाच्या नजरेने त्या तरुणाचा गुन्हा तोच. आपली नसलेली जात त्याने घेतली. परंतु मराठीत ‘चोरणे’ आपल्याच वस्तूच्या बाबतीतही होते. गर्दीत माणूस अंग चोरून बसतो, देणेकरी नजर चोरतो, आळशी गडी काम चोरतो. येथे दुसऱ्याचे काही घेतलेले नसते; स्वतःचे असलेले आत ओढून घेतलेले असते. ‘जात चोरणे’ यात हे दोन्ही अर्थ एकमेकांना घट्ट धरून उभे आहेत. गुन्हेगार आणि अंग चोरून बसलेला माणूस, दोघे एकाच शब्दात. इतका नेमका शब्द कोशातून सापडत नाही. तो जगण्यातून वर यावा लागतो. आणि ‘मी’. चोरली कोणी, तर मी. कर्ता लपवलेला नाही.

कर्ता लपवण्याची विद्या आमच्याकडे फार वाढली आहे म्हणून हे मुद्दाम सांगतो. शिक्षकाच्या टेबलावर दर आठवड्याला परिपत्रके येतात. ‘असे निदर्शनास आले आहे की’, ‘अहवाल सादर करण्यात यावा’, ‘अन्यथा कारवाई करण्यात येईल’. कोणाच्या निदर्शनास आले? कारवाई करणार कोण? मराठीत ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी प्रयोग पूर्वीपासून आहे, आणि त्यात रामाला ‘ने’ लावून का होईना, उभे करावेच लागते. ही ‘करण्यात येईल’ची रचना मात्र अशी सोयीची, की कर्त्याने घरी बसून राहावे आणि क्रियापदाने तालुकाभर फिरावे. राजभाषेचा कायदा १९६४ साली झाला. त्यानंतर सरकारी कामाला मराठी लिपी मिळाली, मराठी शब्द मिळाले, हे चांगलेच झाले. मराठी वाक्य मिळाले का, हे ज्याने त्याने आपल्या टेबलावरच्या कागदावरून ठरवावे. व्याकरणदृष्ट्या या परिपत्रकांत एक चूक सापडणार नाही. बागुलांचे अर्धे वाक्य मात्र माझ्या नियमाने चुकीचे!

नोंदवहीत पुढे एक गंमत निघाली, ती सांगितलीच पाहिजे. किरण नगरकरांची कादंबरी, १९७४ ची: ‘सात सक्कं त्रेचाळीस’. नोंदवहीत मात्र नाव होते ‘सात सक्कं बेचाळीस’. छापणाऱ्याची चूक समजून कोणा मास्तराने पाढा दुरुस्त करून टाकला होता. मी हसलो; मग अक्षर ओळखले. बारा वर्षांपूर्वीचे माझेच होते. एका आकड्याने सगळे जग तिरके करून ठेवणारे ते नाव मी गणिताच्या वहीसारखे तपासून मोकळा झालो होतो.

आता अनुस्वाराकडे वळतो. आमच्या पिढीला शुद्धलेखनाचे जे नियम मिळाले ते मराठी साहित्य महामंडळाचे. १९६२ साली त्यातल्या चौदा नियमांना सरकारची मान्यता मिळाली आणि १९७२ साली आणखी चारांची भर पडली. ‘केलें’, ‘त्यांत’, ‘घरें’ यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार त्यांनी काढून टाकले, आणि लाखो मुलांचा मार वाचवला. मी त्या नियमांचा ऋणी आहे. त्याच नियमांनी आणखी एक वाट ठेवली: पात्राच्या तोंडचे बोलणे लिहिताना ‘केले’ऐवजी ‘केलं’ लिहिता येईल. म्हणजे डोक्यावरचा हा टिंब बोलण्याची खूण झाला. लेखक बोलतो तेव्हा मात्रा, पात्र बोलते तेव्हा टिंब, अशी वाटणी आम्ही मास्तरांनी मनाशी करून घेतली.

तर कपाटातली नावे पाहा. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’, ‘माणसे’ नव्हे. दया पवारांचे ‘बलुतं’, १९७८, ‘बलुते’ नव्हे. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’, १९८६. त्यात तर दोन टिंब. ग्रंथाचे नाव हा लेखकाचा सर्वांत औपचारिक उच्चार. तेथे पात्राच्या तोंडची भाषा आली, याचा अर्थ लेखक आणि पात्र यांच्यामधली मधली भिंत पडली. ‘बलुते’ हा शब्द गावगाड्यावरच्या कोणत्याही पुस्तकात सापडतो; तेथे तो बारा बलुतेदार, त्यांची कामे, त्यांचा सुगीतला वाटा असा तक्त्यात मांडलेला असतो. ‘बलुतं’ मागावे लागते. ते खळ्यावर उभे राहून, दारोदार फिरून, पदर पसरून मागितलेले आहे. मात्रेच्या जागी टिंब आला आणि शास्त्रातला शब्द तोंडात आला. पवारांच्या त्या पुस्तकात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो, अशी योजना आहे. मला नेहमी वाटते की मात्रा लिहिणारा दया आणि टिंब बोलणारा दगडू यांच्यातला तंटा त्या एका नावात मिटला आहे, आणि तो दगडूच्या बाजूने मिटला आहे.

‘जिणं आमुचं’ या नावावर तर वर्गात एक तास घ्यावा. ‘जीवन’ म्हटले की काहीतरी भारदस्त. जीवनाला ध्येय असते, तत्त्वज्ञान असते, चरित्रकार असतो. ‘जिणं’ हे दिवस ढकलण्याचे नाव. लाजिरवाणे असते ते जिणे, कुत्र्याचे असते ते जिणे. पुढे ‘आमुचं’. आत्मचरित्र एका बाईचे, पण सर्वनाम अनेकवचनी. ‘माझं’ असे ती म्हणत नाही. आणि अनेकवचनातही ‘आपलं’ म्हणत नाही. मराठीत ‘आपण’मध्ये ऐकणारा धरलेला असतो, ‘आम्ही’त तो वगळलेला असतो. ‘आपलं जिणं’ असे नाव असते तर पुस्तक विकत घेणारा पुण्यामुंबईचा वाचक सहज आत शिरला असता, डोळे पुसून बाहेर आला असता. ‘आमुचं’ त्याला उंबऱ्यावर थांबवते. हे आमचं आहे. तुम्ही वाचा, पण तुम्ही यात नव्हता. त्यातही ‘आमचं’ नव्हे तर ‘आमुचं’. ओवीतला, जात्यावरचा तो उकार. माया पंडितांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाच्या नावाचा मराठीत अर्थ लावला तर तो ‘आम्ही फोडलेले तुरुंग’ असा काहीसा होतो. त्या नावात पराक्रम आहे, क्रियापद आहे. मूळ नावात क्रियापदच नाही. जिणे होते, ते आमचे होते. त्याचे पुढे काय केले, ते आत वाचा. अनुवादकाला मी दोष देत नाही. ज्या भाषेत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द आहे, त्या भाषेत या नावाचे करायचे तरी काय?

अशीच अडचण मल्लिका अमर शेख यांच्या आत्मकथनाची. ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’, १९८४. पहिली गोष्ट, ‘उद्ध्वस्त’ हा शब्द शंभरातले नव्वद लोक चुकीचा लिहितात. ‘उद्’ आणि ‘ध्वस्त’ मिळून तो झाला आहे, म्हणून ‘द’ सुटता कामा नये. असा संस्कृतातला जडशीळ शब्द, आणि लगेच त्याच्या शेजारी ‘व्हायचंय’ हे अगदी घरगुती, अर्धे गिळलेले रूप. ‘मला उद्ध्वस्त व्हायचे आहे’ असे लिहून पाहा; ठराव मांडल्यासारखे होईल. खरी मौज ‘मला’ आणि ‘व्हायचंय’ यांच्या संबंधात आहे. ‘मला उद्या तालुक्याला जायचंय’ असे मी म्हणतो, तेव्हा मला जाण्याची इच्छा आहे की मला जाणे भाग आहे? मराठी हे सांगत नाही; सूर सांगतो. त्या नावात इच्छाही आहे आणि भवितव्यही आहे, आणि लेखिकेने दोहोंतले एक निवडलेले नाही. जेरी पिंटो यांच्या इंग्रजी अनुवादाच्या नावात इच्छा तेवढी राहिली, आणि ‘होणे’चे ‘स्वतःला नष्ट करणे’ झाले. होणे आणि करणे यांत केवढे अंतर आहे, हे संसार केलेल्या कोणालाही कळेल.

येथे कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही नावांवर फार भार टाकता. लेखकाला नाव सुचते, तो ठेवतो. मान्य. परंतु सुचलेल्या दहा नावांतून नऊ टाकून देताना त्याचा कान काम करीत असतो, आणि त्या कानाचीच ही चर्चा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. टिंब आला, बोली आली, की लेखन खरे झाले, असे माझे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. या पुस्तकांच्या मागोमाग आम्हा ग्रामीण लेखकांची जी रांग लागली, तिने ‘न्हाय’, ‘आन्’, ‘व्हतं’ हे शब्द तोंडी लावण्यासारखे वापरले. मी त्या रांगेत होतो. माझ्या पहिल्या कादंबरीत शेतकरी बोलतो तेव्हा बोली, आणि त्याच्या मनातले मी सांगतो तेव्हा पाठ्यपुस्तकाची मराठी. म्हणजे त्याला तोंड त्याचे दिले आणि डोके माझे दिले. आनंद यादवांची ‘गोतावळा’ (१९७१) वाचली तेव्हा मला स्वतःची लाज वाटली. तेथे गडी आपल्या बोलीतच पाहतो, हेवा करतो, झुरतो. बोली रंगासाठी आणलेली नाही, तो विचार करण्याचा मार्ग आहे. उलट ‘बनगरवाडी’तला निवेदक प्रमाण मराठीत सांगतो आणि ते तितकेच खरे वाटते, कारण सांगणारा बाहेरून आलेला तरुण मास्तर आहे. पाहणारा कोण हे एकदा ठरले की व्याकरण आपोआप ठरते. माझ्या कादंबरीत ते ठरलेच नव्हते.

हे सगळे नोंदवहीच्या निमित्ताने मनात येत असताना एक जुनी वही आठवत राहिली, आणि खरे तर तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. मी वस्तीशाळेवर लागलो तेव्हाची गोष्ट. चौथीच्या मुलांना ‘माझे वडील’ या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. एका ऊसतोडीवाल्याच्या मुलाने लिहिले होते: ‘माजा बाप कारखान्याला गेलता. उचल फिटली न्हाय.’ मी तांबड्या शाईने ते असे केले: ‘माझे वडील कारखान्यात गेले होते. आगाऊ घेतलेली रक्कम फिटली नाही.’ मुलाने ते स्वच्छ अक्षरात उतरवून काढले. काही दिवसांनी तपासणीसाठी एक साहेब आले. त्यांनी त्यालाच वाचायला उभे केले. मुलाने वाचले. साहेब खूश होऊन म्हणाले, “छान! वडील कोणत्या हुद्द्यावर आहेत कारखान्यात?”

मुलगा माझ्याकडे पाहत राहिला.

साहेबांचे काही चुकले नव्हते. जे लिहिले होते त्याचा अर्थ त्यांनी बरोबर लावला होता. ऊस तोडणारा माणूस कारखान्यात कधी जात नाही. त्याचे दिवस फडात जातात आणि रात्री खोपीत. आमच्याकडे ‘कारखान्याला जाणे’ याचा अर्थ दिवाळीनंतर गाडीत भांडी, कोंबड्या आणि पोरे घालून पाच-सहा महिने गाव सोडणे असा आहे. मुलाने ‘ला’ हा प्रत्यय अचूक लावला होता. मी त्याचा ‘त’ केला आणि त्याच्या बापाला कचेरीत खुर्चीवर बसवले. ‘बाप’ हा एकवचनी होता, कारण त्या घरात बापाला अरे-तुरे करतात. त्यात अनादर नाही, उलट जवळीक आहे. मी त्याला आदरार्थी बहुवचन दिले आणि तो परका झाला. आणि ‘उचल’! मुकादमाकडून घेतलेली, नवरा-बायकोच्या जोडीवर, म्हणजे एका कोयत्यावर दिलेली, हंगाम संपला तरी अंगावर उरणारी, पुढच्या साली त्याच मुकादमाकडे ओढून नेणारी ती उचल मला जन्मापासून ठाऊक होती. माझ्या घरात ती नव्हती, शेजारच्या घरात होती. तरीही ती मला ‘आगाऊ घेतलेली रक्कम’ अशी लिहावीशी वाटली, कारण साहेब येणार होते. ‘माजा’चा ‘माझा’ करणे माझे काम होते. ते मी आजही करतो, पुढेही करीन. बाकीच्या तीन दुरुस्त्या कोणत्या व्याकरणाने केल्या, हे मला सांगता यायचे नाही.

साहेबांना मीच उत्तर दिले. ‘तोडणीला असतात’ असे म्हणालो. ते ‘बरं, बरं’ म्हणाले आणि पुढच्या बाकाकडे वळले.

त्या मुलाने नंतरचे निबंध मार्गदर्शिकेतून उतरवून आणले. ‘माझा आवडता ऋतू’, ‘मी पंतप्रधान झालो तर’. त्यांत एक चूक नव्हती, आणि मी त्याला चांगले गुण दिले. पुढच्या दिवाळीनंतर तो आईबापांबरोबर गेला तो वर्गात परत आला नाही. त्याचे कारण माझी शाई नव्हे, ते कारण उचलच होते. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे मी ‘स्थलांतरित’ असे लिहिले. रकान्यात तोच शब्द लिहायचा असतो.